होममेड क्रॉलरची चासी परत परत त्याच जागी वाकते नाहीतर तडकते? मटेरियल बदलायच्या आधी हे वाचा

घरी बनवलेल्या 1/10 क्रॉलरबद्दल (खडकावर चढणारी रिमोटची गाडी, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. चासी वाकली, मग जाड पट्टी घातली, ती पण तिथेच तडकली, मग कोणीतरी म्हणालं 7075 ग्रेडचं अ‍ॅल्युमिनियम घे, ते महागात पडलं आणि तरी स्टिअरिंग मारलं की पुढचा भाग हलतोच, तर आता कार्बन फायबर घेऊ का. थांबा जरा. खिशात हात घालायच्या आधी एवढं बघा की चासी नेमकी गेली कशी. वाकली आणि वाकलेलीच राहिली, का चालताना हलते पण नंतर सरळ होते, का चिर गेली, का नुसती भोकं लांबट झाली? हे चार वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि चारही सोडवणारं एक मटेरियल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि अजून एक, बऱ्याच वेळा चासीचा काही दोषच नसतो. थ्रॉटल दिला की गाडी एका बाजूला झुकते, लोक म्हणतात चासी पिळते. ते बहुतेक वेळा टॉर्क ट्विस्ट असतं, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या जोराने बॉडी सस्पेन्शनवर कलंडते. पुढची चाकं दगडाला टेकवून हळू थ्रॉटल द्या आणि गाडीच्या मागे बसून दोन्ही रेलच्या (चासीच्या दोन लांब पट्ट्या) वरच्या कडा एका रेषेत बघा. दोन्ही रेल एकत्र झुकत असतील तर चासी ठीक आहे, स्प्रिंग आणि लिंकचे (अ‍ॅक्सल चासीला जोडणारे दांडे) अँगल बघा, पट्टी बदलून काडीचा फरक पडणार नाही. पुढचं टोक एका अंगाला आणि मागचं दुसऱ्या अंगाला जात असेल तरच चासी पिळतेय.

कायमची वाकलीय का हे बघायला अ‍ॅक्सल, शॉक, बॅटरी सगळं काढा आणि नुसता सांगाडा किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा (खाली पेपर घाला, घरच्यांचा ओरडा वाचेल). घरात त्याच्याइतकी सपाट जागा दुसरी नसते. चारी कोपरे एकेक करून बोटाने दाबा, टकटक वाजलं की तो कोपरा वर आहे. मग क्रॉसमेंबरचे (दोन रेल जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) स्क्रू ढिले करून परत दाबा. आवाज गेला तर रेल सरळ आहेत, भोकं चुकीच्या जागी पडलीत म्हणून सांगाडा मुळातच ताणून बसलाय. हे इतकं कॉमन आहे की वाकली म्हणून आणलेल्या चासीत मी पहिलं हेच चेक करतो.

आता मुद्द्याचं. ताठपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो. जोर लावल्यावर किती हलतं तो ताठपणा. कायमचं वाकायला किती जोर लागतो ती ताकद. अ‍ॅल्युमिनियमचा ग्रेड बदलला की ताकद बदलते, ताठपणा जवळपास तोच राहतो. खिडकीवाल्याकडचं 6063-टी5 साधारण 145 मेगापास्कलला कायमचं वाकतं, 6061-टी6 साधारण 275 ला, 7075-टी6 तर 500 च्या आसपास. पण तिघांचा ताठपणा 69 ते 72 गिगापास्कल, म्हणजे जवळपास सारखाच. स्टीलचा 200.

हे कागदावर लिहून बघा, डोक्यात पक्कं बसतं. चासीवर लावलेला 25 किलोचा सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) घ्या, म्हणजे 25 किलो-सेंटिमीटर. हॉर्न, म्हणजे सर्वोवरचा फिरणारा दांडा, 24 मिमीचा. चाक दगडात अडकलं आणि तुम्ही पूर्ण स्टिअरिंग मारलं की हॉर्नच्या टोकाला साधारण 10 किलोचा जोर येतो आणि तो रेलला आडवा ढकलतो. रेल म्हणजे 25 मिमी रुंद 3 मिमी जाड सपाट पट्टी, उभी लावलेली, आणि सर्वो शेवटच्या क्रॉसमेंबरच्या 60 मिमी पुढे. हा जोर एकट्या पट्टीवर आला तर तिचं टोक जवळपास 2 मिमी बाजूला जातं आणि मुळाशी ताण येतो 160 मेगापास्कल. म्हणजे 6063-टी5 असेल तर वाकून तसंच राहील. 6061-टी6 असेल तर 2 मिमी जाऊन परत जागेवर येईल. आणि 7075? ते पण 2 मिमी जाऊन परत येईल. जास्तीचे पैसे मोजून स्टिअरिंगचा ढिलेपणा आहे तिथेच. आता ग्रेड तोच ठेवून नुसता क्रॉसमेंबर पुढे सरकवा, 60 चे 30 मिमी करा, तर हलणं येतं पाव मिमीच्या खाली कारण लांबी निम्मी झाली की हलणं आठपट कमी होतं, आणि ताणही निम्मा होतो म्हणजे साधं 6063 सुद्धा टिकेल. एक क्रॉसमेंबर आणि चार स्क्रू. बस.

म्हणून 'कुठलं मटेरियल' विचारण्याआधी 'क्रॉसमेंबर कुठे' हे विचारायचं. चार तरी पाहिजेत, सर्वोजवळ एक, स्किड प्लेटच्या (गाडीच्या पोटाखालची प्लेट) पुढे-मागे मिळून दोन (किंवा स्किडच जाड आणि दोन्ही रेलला घट्ट असेल तर ती धरा), आणि मागच्या शॉकपाशी एक.

सपाट पट्टीचं अजून एक. ती उभ्या दिशेला दणकट असते आणि आडव्या दिशेला लेचीपेची. 25×3 च्या पट्टीत हा फरक साधारण सत्तरपट आहे, आणि पिळायला पण ती अशीच कमजोर. गाडी खडकावर चढते तेव्हा नुसता वरून खाली जोर येत नाही, एक चाक वर एक खाली, म्हणजे पिळणारा आणि आडवाच जास्त. टीआरएक्स-4 किंवा एससीएक्स10 या तयार क्रॉलरच्या रेल बघा, स्टीलचा पत्रा दाबून केलेलं सी-चॅनेल असतं, पत्रा पातळच पण वरच्या-खालच्या दुमडीमुळे आडवा ताठ. त्यांच्याकडे प्रेस आहे, आपल्याकडे नाही, पण 20×20×2 चा एल-अँगल कुठल्याही अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाल्याकडे मिळतो आणि तो सपाट पट्टीपेक्षा आडवा कितीतरी ताठ असतो. पिळायला मात्र अँगल काय आणि सी-चॅनेल काय, दोन्ही उघडे सेक्शन असल्यामुळे एकटे कमजोरच, तिथे परत क्रॉसमेंबरच कामाला येतात.

वजनाचा हिशोब पण करून टाकू. 380 मिमी लांब, 25×3 च्या दोन पट्ट्या घेतल्या तर अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण 154 ग्रॅम, एमएसमध्ये (साधं स्टील) 447, ग्लास इपॉक्सीत (एफआर-4, पीसीबीचं मटेरियल) 105, डेल्रिनमध्ये (कडक, घसरट प्लास्टिक) 80. आता एवढ्यावरून लोक डेल्रिनच्या रेल करायला निघतात. डेल्रिनचा ताठपणा 3 गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या विसावा हिस्सा पण नाही, रेल केली तर रबरासारखी हलेल. ग्लास इपॉक्सी बरं, अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण एक तृतीयांश ताठ, आणि वाकून कायमचं राहत नाही, हलक्या एलसीजी (वजन खाली ठेवलेल्या) गाडीला चालतं. स्टीलबद्दल मात्र उगाच नाक मुरडतात. स्टील 3 मिमी घ्यायचंच नाही, 2 घ्या, तेवढ्यात आडवा ताठपणा 3 मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास येतो आणि वजन 300 च्या आत-बाहेर. गाडी सगळी मिळून अडीच-तीन किलोची, त्यात दीडशे ग्रॅम जास्त आणि तेही खालच्या बाजूला, क्रॉलरमध्ये हे काही मोठं नुकसान नाही. वजन वर असलं की गाडी उलटते. पहिलीच गाडी असेल तर माझं मत स्टील, कारण वाकलं तर व्हाइसमध्ये धरून सरळ करता येतं, वेल्डिंगवाला कोपऱ्यावर असतो आणि तडकायच्या आधी ते वाकून इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम दरवेळी तेवढी वॉर्निंग देत नाही. लहान लहान झटके खात राहतं आणि एक दिवस चिर दिसते.

आता चिरांचं. ओळखीतल्या एका पोराने गाडी आणून दाखवली, मागच्या अप्पर लिंकच्या ब्रॅकेटपाशी रेल तडकली होती, तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी पट्टी आधीपेक्षा जाड. मी भोकात नख फिरवलं तर नख अडकलं, आतून ड्रिलचे बारीक दाते तसेच, बर काढलेलीच नव्हती. भोकाचा सेंटर पट्टीच्या कडेपासून जेमतेम 3 मिमी, म्हणजे एम3 चं भोक सोडलं तर कडेला दीड मिमी मटेरियल उरलं. वर तिथेच ब्रॅकेटसाठी आरीने काटकोनात खाच मारलेली, आणि चिर बरोबर त्या खाचेच्या कोपऱ्यातून भोकाकडे गेलेली. तिथे 5 मिमीची पट्टी घातली असती तरी तीच गत. साध्या गोल भोकाच्या कडेलाच ताण बाजूच्यापेक्षा साधारण तिप्पट असतो, टोकदार कोपऱ्यात तर त्याहून जास्त. करायचं एवढंच, आतला कोपरा कापायच्या आधी तिथे 3-4 मिमीचं भोक पाडायचं आणि मग आरी त्या भोकापर्यंत आणायची, कोपरा आपोआप गोल होतो. भोकाचा सेंटर कडेपासून व्यासाच्या दुप्पट आत, एम3 ला 6 मिमी, अगदीच जागा नसेल तर दीडपट. दोन्ही बाजूंनी मोठ्या ड्रिल बिटने हातानेच बर काढायची. आणि कडा फाइल केल्यावर शेवटचा पॉलिश पेपर पट्टीच्या लांबीच्या दिशेने मारायचा, आडवे ओरखडे ठेवायचे नाहीत, चिर तिथूनच सुरू होते. त्या पोराला नवीन पट्टी त्याच जाडीची आणि त्याच दुकानातून आणायला लावली, फक्त भोक आत घेतलं आणि खाच गोल केली.

चिर आहे का नुसता ओरखडा हे कळत नसेल तर जुनी वर्कशॉपवाली ट्रिक. रॉकेल (नसेल तर डब्ल्यूडी-40) लावा, पाच मिनिटं थांबा, कपड्याने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड लावा. चिर असेल तर आतलं तेल वर येऊन पांढऱ्यावर बारीक ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर काही नाही. चिरेच्या टोकाला 2-3 मिमीचं भोक पाडून ती थोडे दिवस थांबवता येते पण ते तात्पुरतं, रविवारची रन हातची जाऊ नये म्हणून. टी6 अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करून घेऊ नका, सांध्याच्या आजूबाजूची टेंपर जाते आणि पुढच्या वेळी वेल्डच्या शेजारी तुटतं.

'वाकवतानाच तडकलं' हा पण नेहमीचा प्रश्न. 6061-टी6 किंवा आपल्याकडे मिळणारं एचई-30 हे काटकोनात वाकवायचं मटेरियलच नाही, वाकवायचंच असेल तर जाडीच्या तीन-चारपट तरी रेडियस द्या. शॉक हूप (शॉकचं वरचं टोक धरणारी कमान), सर्वो ब्रॅकेट, बंपर असलं वाकवायचं असेल तर 5052 मागा, ते जाडीएवढ्या रेडियसला निवांत वाकतं. दुकानदाराला 6061 म्हटलं तर कधी कधी तो नुसता बघत बसतो, बाजारात अजून जुनी नावं चालतात, एचई-9 म्हणजे 6063, एचई-20 म्हणजे 6061, एचई-30 म्हणजे 6082, आणि 6082 आपल्याला 6061 च्या जागी बिनधास्त चालतं. भंगारातून ग्रेड माहीत नसलेला पत्रा आणला असेल तर 10 मिमीची एक चिंधी कापून व्हाइसमध्ये धरा आणि हातोडीने काटकोनात वाकवा. बाहेरच्या बाजूला तडे गेले तर कडक माल आहे, सपाट रेलला वापरा. लोण्यासारखं वाकलं तर ब्रॅकेटला ठेवा, रेलला नको.

स्क्रू ढिले होतात, भोकं लांबट होतात, याला पण लोक मटेरियल मऊ आहे म्हणतात. आधी भोक मोजा. घरच्या हातड्रिलने 3.5 चं बिट मारून एम3 घातला तर स्क्रू भोकात खेळतो, प्रत्येक झटक्याला आत ठोकर मारतो आणि आठवड्यात भोकाचं अंडं होतं. 2.9 चं बिट मारून 3 च्या रीमरने साफ करा, रीमर नसेल तर 3.1 चं नवीन धारदार बिट, जुनं घासलेलं नको. आटे पाडायचे असतील तर 2.5 चं भोक. पण 2 मिमीच्या पत्र्यात एम3 चे चारच आटे बसतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, मागून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) लावा. काउंटरसंक स्क्रूचं पण तेच, एम3 च्या काउंटरसंक डोक्याची उंची 1.7 मिमी, 2 मिमीच्या पत्र्यात ते बुडवलं की खाली 0.3 मिमीची पात्यासारखी कड उरते आणि तिथूनच फाटतं. पातळ पत्र्याला बटन हेड आणि वॉशर. स्टेनलेस स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात कोरडा घालू नका, जाम होतो आणि काढताना डोकं तुटतं, थोडं ग्रीस लावा.

एक अगदी महत्त्वाचं, थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू असेल तिथे. पॉलिकार्बोनेट, एबीएस किंवा अ‍ॅक्रिलिकला लागला तर स्क्रूच्या भोवती काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, बारीक चिरा येतात आणि माणूस समजतो दगडावर आपटून फुटलं. प्लास्टिकला नायलॉकच. आणि अ‍ॅक्रिलिक मुळात चासीला नकोच, लेझरवर मस्त कापून मिळतं आणि चमकतं पण खूप म्हणून सगळे नवीन लोक त्याच्याकडे जातात, पहिल्या आपटीत कोपरा उडतो. पारदर्शकच हवं असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या, पण ते लेझरवर नीट कापत नाही, कडा तपकिरी पडतात, आरीनेच कापा. पीव्हीसी शीट लेझरवाल्याकडे नेऊच नका, हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, तो माणूस तुम्हाला हाकलून देईल आणि बरोबरच करेल.

थ्रीडी प्रिंटवाल्यांसाठी. पीएलए ताठ असतं म्हणून फसायला होतं, पण साधारण 60 डिग्रीला मऊ पडतं, एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत क्रॉलर ठेवला की चासी केळ्यासारखी होते. शिवाय स्क्रूच्या डोक्याखाली पीएलए हळूहळू दबतं, म्हणून घट्ट केलेला स्क्रू महिन्याने ढिला मिळतो, कोणी काही केलेलं नसताना. पीईटीजी साधारण 80 पर्यंत टिकतं आणि फुटायच्या आधी वाकतं, बॉडी माउंट, बॅटरी ट्रे, रिसीव्हर बॉक्स याला छान. इनफिल (आतला भराव) 100 टक्के करण्यापेक्षा भिंती वाढवा, चार-पाच. आणि थर ज्या दिशेला एकावर एक बसलेत त्या दिशेने ओढणारा जोर येणार नाही असा पार्ट झोपवून प्रिंट करा, शॉक टॉवर उभा प्रिंट केला तर थर सुटतोच सुटतो. लिंकचा जोर घेणारे पार्ट मी तरी प्रिंट करणार नाही.

स्किड प्लेटला मात्र उलटा विचार करायचा. इथे ताठपणा नको, घसरणं पाहिजे. आपला काळा कातळ खरखरीत असतो, पुण्याच्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत एक फेरी मारा आणि गाडी उलटी करून बघा, अ‍ॅल्युमिनियमच्या स्किडवर खोल चरे आणि प्रत्येक चऱ्यापाशी गाडी अडकलेली. अ‍ॅल्युमिनियम खडकाला धरून बसतं, डेल्रिन किंवा यूएचएमडब्ल्यू (पॉलिथिनचाच एक प्रकार) सरकतं. 8 ते 10 मिमी जाडीचा तुकडा घ्या, ट्रान्समिशनचे आणि लोअर लिंकचे स्क्रू त्यातच येतात म्हणून पातळ नको. यूएचएमडब्ल्यू अजून घसरट पण मऊ, त्यात आटे टिकत नाहीत, आरपार बोल्ट लावा. डेल्रिनमध्ये आटे चांगले बसतात. अगदीच बजेट नसेल तर किचनचा पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड, तो पॉलिथिनचाच असतो, वर्षभर आरामात निघतो (नवीन विकत आणा, घरातला उचलू नका).

कार्बन फायबर शेवटी ठेवलं कारण बहुतेकांना त्याची गरज नसते. ताठ आहे, हलकं आहे, स्पर्धेच्या एलसीजी गाडीत अर्थ आहे. पण खडकावर कडेने घासलं की थर सुटतात, म्हणून कडांना पातळ सुपरग्लू पाजून वाळू द्यायचा. ते वीज वाहतं, ईएससीची (मोटरचा स्पीड कंट्रोलर) सोललेली वायर टेकली तर शॉर्ट, आणि रिसीव्हरची अँटेना त्याला चिकटवली तर रेंज जाते. कापताना पाण्याखाली किंवा ओलं करून कापा आणि मास्क घाला, धूळ फुप्फुसाला वाईट, ग्लास इपॉक्सीची पण तशीच, शिवाय दोन दिवस हात खाजत बसतात ते वेगळं. बॅकेलाइट शीट दिसायला तशीच वाटते आणि स्वस्त मिळते, पण ठिसूळ, स्विचबोर्डला ठीक आहे.

मग घ्यायचं काय? मी आज कोणाला पहिली गाडी बनवून द्यायची म्हटलं तर रेलला 2 मिमी सीआरसी (कोल्ड रोल्ड स्टील) पत्रा एका बाजूने 10 मिमी दुमडून, नाहीतर 3 मिमी एचई-30 ची पट्टी. क्रॉसमेंबर त्याच मालाचे, सर्वोचा ब्रॅकेट स्टीलचा कारण तिथे हलणं परवडत नाही, शॉक हूप 5052, स्किड डेल्रिन, बाकी फुटकळ सगळं पीईटीजी. पुण्यात स्क्रू आणि टूल्सला बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. लेझर कटिंगवाले भोसरी एमआयडीसीत भरपूर, एका पीसला तोंड वाकडं करतात म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकच डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) द्या. ड्रॉइंगमध्ये एम3 ची भोकं 2.5 ची काढा आणि घरी मोठी करा, बारीक भोकाची लेझरची कड थोडी तिरकी आणि कडक येते, ड्रिल मारलं की साफ होते. सीआरसी घेतलं तर भोकं पाडून झाल्यावर प्रायमर आणि मग रंग, आणि पावसात ओढ्यात चालवून आणली की स्किड खोलून आतला चिखल त्याच दिवशी काढा, रेल आणि स्किडच्या मधल्या फटीत पाणी राहतं आणि गंज तिथूनच धरतो.